झाडं कोणत्या बाजूला पडली?

वारा कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याच्यावर काहीही ढकलता येतं. माझी अर्धी नोकरी हे ढकललेलं उचलून ज्याचं त्याच्या हातात परत देण्यात गेली.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. हे ऐकलं की लोक विचारतात, कोणता पूल बांधलात, कोणती इमारत? मी काहीच बांधलेलं नाही. अंधेरीच्या आमच्या छोट्या सल्लागार कंपनीत माझ्याकडे पडलेल्या गोष्टी यायच्या. मोबाइलचे मनोरे, गोदामांची छपरं, पाण्याच्या टाक्या, विजेच्या लाइनचे टॉवर. पडलेल्या वस्तूजवळ जाऊन ती का पडली हे सांगायचं, एवढंच काम. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तरी सेक्रेटरी मागून विचारायचे, "काय सावंतबाई, काही दिसलं का?"

या धंद्यात गिऱ्हाईक उत्तर आधीच ठरवून येतं. बोरिवलीच्या एका सोसायटीची गच्चीवरची पत्र्याची शेड मे महिन्यातल्या एका संध्याकाळी उडाली आणि शेजारच्या इमारतीच्या गाड्यांवर जाऊन बसली. तिथले सेक्रेटरी मला जिन्यातच म्हणाले, "मॅडम, टोर्नेडोच होता. मी डोळ्यांनी बघितला. तुम्ही फक्त लिहून द्या ना."

मी वर गेले. शेडच्या खांबांचे बोल्ट स्लॅबमध्ये गेलेच नव्हते. वरच्या वॉटरप्रूफिंगच्या थरात ते नुसते टेकवून ठेवल्यासारखे होते. त्याच गच्चीच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या स्टुलावर तुळशीची कुंडी उभी होती.

"ही कुंडी नंतर ठेवली का?"

"नाही, ती आमच्या मिसेसची. इथेच असते."

"मग टोर्नेडो हिला वळसा घालून गेला म्हणायचा."

ते हसले नाहीत. "मॅडम, देवाची करणी म्हटलं की विषय संपतो हो. नाहीतर आम्हाला आमच्याच कमिटीवर बोट दाखवावं लागेल." मी बोट दाखवलं. त्यांनी आम्हाला पुन्हा कधी बोलावलं नाही. ते रास्तच होतं.

टोर्नेडो आपल्याकडे फार क्वचित होतो आणि आपण त्याला सरसकट चक्रीवादळ म्हणून मोकळे होतो. चक्रीवादळ समुद्रावरून येतं, अर्धं राज्य व्यापतं आणि दोन दिवस आधी बातम्यांत दिसतं. टोर्नेडोचं तसं नसतं. उन्हाळ्यात दुपारनंतर एखादा ढग प्रचंड उंच वाढतो. त्याच्या पोटातला वर चढणारा वारा इतका जोरकस असतो, की गोठलेल्या थेंबांना तो खाली पडूच देत नाही. ते वरच तरंगत राहतात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात, आणि वाऱ्याला पेलेनासे झाले की गारा होऊन कोसळतात. गार जितकी मोठी, तितका वर चढणारा वारा जोराचा. क्वचित हा चढता वारा स्वतःभोवती फिरू लागतो आणि त्याची सोंड जमिनीला टेकते. ती काही मिनिटं टिकते. तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जातं.

माझ्या सगळ्या नोकरीत खरा टोर्नेडो मला एकदाच भेटला. तोही तो निघून गेल्यावर. आणि तो टोर्नेडो होता असं मी लिहू नये, अशीच त्या वेळी सगळ्यांची इच्छा होती.

नाशिक जिल्ह्यातलं ते कांद्याचं गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच राहतात. एप्रिलमधल्या एका दुपारी तिथे मोठी गारपीट झाली, सोबत वादळ आलं आणि आदल्या वर्षी उभारलेल्या नव्या वीजलाइनचे लागोपाठचे दोन टॉवर पडले. त्यातला एक पडला तो कांद्याच्या चाळीवर. मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, तिकडे चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट शेड, बाजूंनी हवा खेळती ठेवलेली. गारांपासून वाचायला मंदाबाई नावाची बाई त्या चाळीत शिरली होती. टॉवर तिच्यावर आला. ती जागच्या जागी गेली.

लाइन उभारणाऱ्या टोळीने बोल्ट ढिले सोडले होते, असं गावकऱ्यांचं म्हणणं. टोळीचा मुकादम हरिश्चंद्र परब. पोलिसांनी त्याला चौकशीला बोलावून घेतलं आणि ठेकेदाराने त्याच दिवशी त्याला कामावरून काढून घरी बसवलं. टॉवर का पडला हे बघायला लाइनच्या कंपनीने आम्हाला सांगितलं.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी परबची बायको आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आली. कांजूरमार्गला राहणारी, मालवणकडची, साधारण माझ्याच वयाची. रिसेप्शनवरच्या मुलीने तिला थांबवलं होतं, पण मी बाहेर आले आणि ती उठून उभी राहिली.

"तुम्ही जातास ना थंयसर?"

"हो. पण या कामाबद्दल मला तुमच्याशी बोलता येणार नाही, ताई. पोलिसांनी विचारलं तर माझंच काम खोटं पडेल."

"बोलूचा नाय माका काय. येकच सांगतंय. आमचे हे नट ढिलो सोडून खाली येवचे नाय." मग ती म्हणाली, "पण तेंकाच आता खात्री वाटणा नाय. रातभर हात चाळवतत, पानो फिरवल्यासारखे."

मी तिला पाणी दिलं. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

गावात शिरताना आधी वास आला. काढणीला आलेले कांदे गारांनी जमिनीतच ठेचले गेले होते आणि ते कुजायला लागले होते. घरांच्या पश्चिमेकडच्या भिंतींना देवी आल्यासारखे खड्डे होते, पूर्वेच्या भिंती साफ. मोटरसायकलींच्या टाक्या आणि शाळेतले खिचडीचे टोप, सगळीकडे पोचे. गावातल्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्य खात्याच्या स्वयंसेविकेने, एक गार लसींच्या डब्यात, तालुक्याहून आणलेला बर्फ घालघालून, जपून ठेवली होती. गावात फ्रीज होते, पण लाइनच पडलेली, त्यामुळे वीज नव्हती. आता ती सुपारीएवढी उरली होती.

"मॅडम, संत्र्याएवढी होती हो. मी खोटं नाही बोलत," त्या म्हणाल्या.

"टोपांचे पोचे बघितलेत मी. तुमचं खरं आहे."

"एकानं मोबाइलवर शूटिंगबी केलंय. पण त्यात नुसतं पांढरं दिसतं आणि पत्र्यांचा आवाज येतो."

टॉवर मात्र गारांनी पडत नाही. तो वाऱ्याने पडतो. कोणत्या वाऱ्याने, हे टॉवरला विचारून कळत नाही, ते झाडांना विचारावं लागतं. ढगातून वारा सरळ खाली आदळला, तर झाडं एकाच दिशेला झोपतात, किंवा पंखा उघडावा तशी बाहेर पसरून पडतात. टोर्नेडो झाडांना आत ओढतो. त्याच्या वाटेच्या एका बाजूची झाडं एकीकडे पडतात, दुसऱ्या बाजूची त्यांच्याकडे तोंड करून. हातात होकायंत्र घेऊन मी पडलेल्या प्रत्येक कडुलिंबाजवळ आणि बाभळीजवळ गेले. शेंडा कुठे, बुंधा कुठे, हे लिहीत गेले. पोरं मागून चालत होती. बाई टॉवर सोडून झाडं का मोजते, हे त्यांना कळत नव्हतं.

वाट अगदी अरुंद निघाली. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठाला सहज ऐकू जाईल, एवढी. त्या दोन काठांमध्ये सगळी झाडं एकमेकांकडे डोकी करून पडलेली होती. एक पत्रा बाभळीच्या खोडाला ओल्या फडक्यासारखा गुंडाळलेला होता, तोही गारा आल्या त्याच्या उलट, पूर्वेच्या बाजूने. काठाच्या बाहेर कडब्याची गंजी जशीच्या तशी उभी. दोन्ही टॉवर बरोबर या वाटेत होते आणि दोन्ही पिळवटून पडले होते, ओला टॉवेल पिळावा तसे.

इतकी वर्षं लोक मला टोर्नेडो विकायला बघत होते. आणि इथे तो खरोखरच येऊन गेला होता, तर गावातला प्रत्येक माणूस मला सांगत होता की बोल्ट ढिले होते.

मग मी टॉवरकडे वळले. टॉवर म्हणजे लोखंडाच्या शेकडो पट्ट्या, आमच्या भाषेत अँगल, एकमेकांना बोल्टने जोडलेल्या. बोल्ट जागेवर असताना टॉवर पडला, तर तो बोल्ट भोक फाडून निघतो किंवा तुटून आतच राहतो. बोल्ट नसेलच, तर भोक गोल आणि स्वच्छ राहतं. मी भोकं बघत गेले. सगळीकडे फाटलेली. परबच्या टोळीने काम चोख केलं होतं.

चाळीवर पडलेल्या टॉवरच्या पायापाशी मात्र काही भोकं गोल होती. आत धूळ बसलेली, एका भोकात कोळ्याचं जुनं जाळं. तिथले चार अँगल वादळाच्या पुष्कळ आधी काढले गेले होते.

ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. टॉवरच्या प्रत्येक अँगलवर कारखान्यात नंबर ठोकलेला असतो. मोडलेल्या चाळीच्या ढिगाऱ्यात मला जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड दिसलं. मी वाकून हाताने माती पुसली. नंबर होता.

मागे माणूस उभा होता. रंगनाथ, मंदाबाईचा नवरा. चाळ त्याची. तेरावा अजून व्हायचा होता, डोकं भादरलेलं. पहिल्या दिवसापासून तो माझ्यापासून दोन शेतं लांब राहून माझं काम बघत होता. आता जवळ आला.

"बाई, ते म्याच काढले."

मी नंबरचा फोटो काढला.

"चाळीच्या आढ्याला पाहिजे व्हते. गावात समदेच काढतात. वर्षभर टॉवर उभाच व्हता की. चार पट्ट्यांनी काय व्हतं, म्हनलं." त्याचा आवाज अगदी साधा होता. "त्या परबाचं नाव मी घेतलं न्हाई. लोकांनी घेतलं. मी फक्त गप बसलो."

"रंगनाथभाऊ, हे मला लिहावं लागेल."

"लिवा." तो ढिगाऱ्याकडे बघत राहिला. "येवढंच सांगा. ते जागेवर असते, तर पडला नसता ना?"

त्या क्षणी मला उत्तर माहीत नव्हतं. तरीही पडलाच असता, असं म्हणून त्याला धीर देणं सोपं होतं. पण माझ्या धंद्यात असं काही बोललं, की मग हिशेब करताना हात त्या बाजूला झुकतो.

"हिशेब केल्याशिवाय नाही सांगता येणार," मी म्हटलं. "पण सांगेन. येऊन सांगेन."

अंधेरीला परत येऊन मी तो टॉवर कॉम्प्युटरवर उभा केला, एकदा चारही अँगलसकट आणि एकदा त्यांच्याशिवाय. साध्या वादळात फरक होता, मोठा फरक होता. अँगल असलेला टॉवर उभा राहायचा, नसलेला पडायचा. मग मी झाडांवरून आणि त्या पत्र्यावरून काढलेला वारा लावला. दोन्ही पडले. मी आकडे पुनःपुन्हा तपासले, जरा कमी वारा लावून बघितला, तरीही दोन्ही पडले. आणि कॉम्प्युटर बाजूला ठेवला तरी शेतात एक साक्षीदार पडलेलाच होता. शेजारच्या दुसऱ्या टॉवरचा एकही अँगल गेलेला नव्हता. तोही तसाच पिळवटला होता.

आमचे साहेब देशमुख. हुशार माणूस, आणि कंपनी त्यांनी जवळजवळ घरातली भांडी विकून उभी केलेली. रिपोर्टचा मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढला.

"सुनंदा, हे टोर्नेडो प्रकरण कशाला? अँगल चोरीला गेले होते, म्हणून पडला. तेवढं पुरे ना. क्लायंट खूश, तो परब सुटतो, पोलिसांचं काम सोपं."

"आणि तो रंगनाथ?"

"त्याने काढलेत की अँगल."

"काढलेत. ते मी लिहिलंय, फोटोसकट. पण त्याने टॉवर पाडला, असं कसं लिहू? त्याने पाडलेला नाही."

"अगं, टोर्नेडो लिहिलंस की पुढचा प्रश्न येणार. दोन्ही टॉवर एवढ्या वाऱ्याला कमीच पडतात, तर मग टॉवरने किती वारा सोसायचा तो नियमातला आकडा बदलायचा का? सगळ्या लाइनी मजबूत करायच्या का? कुणाला हवंय हे?"

"कुणालाच नको आहे, सर. म्हणून तर आपल्याला पाठवलं ना?"

त्यांनी चष्मा परत चढवला. मग सही केली. सही करता करता म्हणाले, "यांचं पुढचं काम आपल्याला मिळणार नाही, एवढं लक्षात ठेव." मिळालं नाही. त्या वर्षी ऑफिसात दोघांना जावं लागलं, त्यातली एक रिसेप्शनवरची मुलगी. ते मला अजून टोचतं.

परबवरची चौकशी बंद झाली. रंगनाथवर मात्र अँगल काढल्याची तक्रार झालीच, आणि ती माझ्याच रिपोर्टवरून झाली. मी फोटो लावले होते, नंबर दिले होते. खरं लिहायचं तर त्यातलं सोयीचं तेवढं उचलता येत नाही. पुढे ती तक्रार दंडावर मिटली, पण त्यासाठी त्याला तालुक्याला खेटे घालावे लागले.

पावसाळ्याआधी टॉवर पुन्हा उभे करायचं ठरलं. ठेकेदाराने परबलाच बोलावलं, त्याच्याइतका जाणता दुसरा कुणी नव्हता. रंगनाथला शब्द दिला होता, म्हणून मीही गेले. कंपनीच्या कामाला नाही, रजा काढून.

परबला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. काटकुळा, काळा, खालच्या मानेने बोलणारा. माझ्याशी तो रिपोर्टबद्दल एक अक्षर बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, वर येवन बघतास? बोल्ट बघून घ्या."

"माझं वय झालं, परब. मी खालूनच बघते."

"मग विश्वास ठेवचो लागतलो," तो म्हणाला, आणि किंचित हसला.

रंगनाथ बांधावर बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. चारही अँगल जागेवर असते तरी टॉवर पडला असता. शेजारचा पडला, त्याचे तर सगळे होते. कसा हिशेब केला, तेही जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. तो नीट ऐकत होता.

"म्हंजे मी काढले नसते, तरी ती गेली असती."

"हो."

"हे तुमी लिवून दिलंय?"

"दिलंय. पोलिसांकडे आहे."

वर परबच्या माणसांनी अँगल ओढून घेतला, त्याचा आवाज आला.

"दुसऱ्या कुनी सांगितलं असतं, तर मला बरं वाटावं म्हनून सांगतोय असं वाटलं असतं," तो म्हणाला. "तुमचं मानतो. पन बाई, चाळ टॉवरच्या पायाशी मीच बांधली ना. मंदा म्हनत व्हती, घराजवळ बांध. मी म्हनलं, हितं वारा चांगला लागतो, कांदा टिकतो. त्याचा हिशेब तुमच्याकडं नसनार."

नव्हता. कुठल्याही कॉम्प्युटरकडे नव्हता.

परब जेवायला खाली उतरला तेव्हा आम्ही अजून तिथेच होतो. त्याने रंगनाथकडे बघितलं, मग चाळीच्या ढिगाऱ्याकडे. हे दोघे त्याआधी एकमेकांशी कधी बोलले होते की नाही, मला माहीत नाही. परब ढिगाऱ्याजवळ गेला आणि एका खांबाला हात लावून म्हणाला, "लाकूड बरा आसा अजून. ह्या सगळा हयसून हलवया. टॉवरची सावली पडता थंयसर काय्येक बांधूचा नाय."

रंगनाथला मालवणी कितपत कळली कोण जाणे. तो उठला. घराच्या बाजूला, चिंचेपलीकडे, त्याने जागा दाखवली. परबने टोळीतल्या सगळ्यांना हाक मारली. जेवणाचे डबे तसेच ठेवून त्यांनी टॉवरचे दोर आणि कप्प्या आणल्या आणि चाळीचे खांब एकेक करून उपटायला घेतले. ठेकेदाराचा माणूस येऊन विचारायला लागला, हे कुणाच्या हुकमाने चाललंय. परब म्हणाला, "जेवणाची सुट्टी आसा."

नव्या जागेवर खांबांची ओळ आखायची होती. परबने खिशातून टेप काढली, एक टोक रंगनाथच्या हातात दिलं आणि दुसरं धरायला इकडेतिकडे माणूस शोधू लागला. सगळे खांब ओढण्यात गुंतले होते.

मी टेपचं दुसरं टोक धरलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उभं करण्याच्या बाजूला मी उभी होते. परब म्हणाला, "ताण द्या, मॅडम, टेप वाकता." मी ताण दिला.